सभागृह आणि सभा

गेल्या कार्तिकांत रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापुरास जाण्याचा योग आला. सोबत नातू होता. अंबाबाईचें दर्शन घेतल्यावर त्यास तेथील टाऊन हॉल दाखविला.

ही वास्तु १८७२ ते १८७६ या काळांत चार्ल्स मँट नामक इंग्रज स्थापत्यकाराच्या आराखड्याप्रमाणें उभी राहिली. टोंकदार कमानी, तीव्र उताराचीं छपरें आणि निमुळते होत गेलेले मनोरे पाहून युरोपांतील मध्ययुगीन प्रार्थनामंदिरें आठवावीं, अशी तिची गॉथिक धाटणी आहे. नगरजनांनीं एकत्र जमावें म्हणून बांधलेल्या या वास्तूंत आतां वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननांत सांपडलेली ग्रीक समुद्रदेवतेची चिमुकली मूर्ति येथेंच ठेविली आहे.

ती पाहतां पाहतां नातवानें विचारलें, "आजोबा, पूर्वीं इथें माणसें जमत, तेव्हां तीं काय बोलत असत?"

मी त्यास इतिहास सांगूं लागलों. शिक्षकास तेंच सोपें! करवीरचे छत्रपति राजाराममहाराज विलायतेहून परततांना १८७० सालीं इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत ऐन विशींत निवर्तले. आर्नो नदीच्या तीरीं त्यांचें दहन झालें. तेथील त्यांच्या स्मारकावरील छत्रीची रचनाही मँटचीच. त्याच नगरांत 'पालात्सो व्हेक्यो' नांवाचा नगरसभेचा वाडा आहे. त्याचें बांधकाम १२९९ सालीं सुरू झालें. बाहेरून तो किल्ल्यासारखा दिसतो. १४९४ सालीं मेदिची घराण्याची सत्ता उलथल्यावर नगराच्या महासभेसाठीं त्यांत 'पांचशांचें दालन' बांधलें गेलें. पुढें मेदिची परतले आणि वासारी या कलावंतानें तेंच दालन उंच करून त्यांच्या विजयचित्रांनीं मढविलें. दालन देखणें झालें. महासभा मात्र उरली नव्हती. तथापि आज त्या वाड्यांत प्रेक्षकही जातात आणि नगरसभाही भरते.

सांगतां सांगतां माझीच जीभ अडखळली. आमच्या गांवच्या देवळाचा सभामंडप डोळ्यांपुढें आला. जांभ्याचें जोतें, फणसाचे खांब, वर कौलें, स्थापत्य एवढेंच. परंतु कीर्तन तेथें, भाऊबंदकीचे तंटे मिटावयाचे तेथें, आणि पावसाळ्यांत शाळा गळूं लागली म्हणजे माझा वर्गही तेथेंच. गतवर्षीं तो मोडून भाड्याचे गाळे काढण्याचें ठरलें. पुढाकार माझ्याच पुतण्याचा होता. सभेंत सर्वांनीं वडीलधारा म्हणून माझ्याकडे पाहिलें. घरांतील शांति बिघडूं नये म्हणून मी मान खालीं घातली. जन्मभर मुलांस 'मौनं सर्वार्थसाधनम्' शिकविलें. त्या दिवशीं त्या मौनानें एकच अर्थ साधला, आणि तो माझा नव्हे.

खांब उतरविले गेले आहेत. जोतें मात्र अद्याप शाबूत आहे. माघांतील उत्सवापूर्वीं पुन्हां सभा आहे. गाळे काढा, परंतु चार माणसें बसतील एवढी जागा मोकळी ठेवा, हें मी तेथें उभा राहून बोलणार आहें. पुतण्यास तें आदल्या रात्रींच, पानावर बसलों असतां सांगेन. नातू शेजारीं असावा, अशी इच्छा आहे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर अद्याप द्यावयाचें राहिलें आहे.