शेवटचा पोचा आधी

आमच्या घराण्यात आजवर कोणी हातात हातोडी धरलेली नाही. भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी आम्ही शेजाऱ्यांना चहाला बोलावतो. अशा या कुळातल्या आमच्या चिरंजीवांनी दहावीचा निकाल लागताच जाहीर केले, "बाबा, मी आयटीआयला जाणार. मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर. एक वर्षाचा कोर्स आहे."

"म्हणजे काय?"

"डेंटिंग."

मी बी.कॉम. मला डेबिट कळते, डेंटिंग कळत नाही. "उद्या काउंटरवर कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर काय सांगू? पत्रे ठोकतो म्हणून?" असे मी बोलून गेलो. झाले! त्या दिवसापासून अबोला. मला आमटी हवी असली की मी हिला सांगायचे, हिने त्याला सांगायचे, मग पातेले सरकायचे. एवढ्या सह्या तर आमच्या बँकेत कर्जालाही लागत नाहीत.

नवव्या दिवशी मी आमची जुनी मोटार मागे घेताना सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला नेऊन भिडवली. आधी मागचे मडगार्ड चेपले, मग त्याच्या रेट्याने दार वाकले. खांबाला काही झाले नाही.

गॅरेजात चिरंजीव मुकाट्याने बरोबर आले. तिथल्या उस्तादांनी मडगार्डकडे ढुंकूनही पाहिले नाही. सरळ दाराला हात घातला.

"अहो, खरा मार मडगार्डला आहे!" मी म्हणालो.

"बाबा, पोचे उलट्या क्रमानं काढतात," चिरंजीवांनी तोंड उघडले. "शेवटी आला तो आधी."

"म्हणजे लास्ट इन, फर्स्ट आउट!" मी जवळजवळ ओरडलोच. मालसाठ्याचे मोल करायची ही पद्धत मी बी.कॉम.ला घोकली होती. आपल्याकडच्या लेखामानकांनी ती केव्हाच बाद केली. गॅरेजात मात्र ती अजून नोकरीवर आहे, हे पाहून भरून आले.

मग पोरगा सांगतच सुटला. पत्र्याच्या आतून लोखंडाची डॉली धरायची आणि बाहेरून हातोडी मारायची, तीही बेताने. जास्त ठोकले तर पत्रा ताणतो, फुगतो, आणि मग तो तापवून आवळावा लागतो. उंचसखल डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळते. उस्तादांनी माझा हात धरून दारावरून फिरवला. मला सगळे सपाट लागले. "इथं अजून टेकाड आहे, साहेब," ते म्हणाले. नोटांवरून इतकी वर्षे फिरलेला माझा हात तिथे नापास झाला.

पुट्टीत हार्डनर मिसळले की ती काही मिनिटांत दगड होते. म्हणजे चहाला उठायची सोय नाही. मग घासकाम. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो मऊ. आमच्याकडे साहेब जितका मोठा तितका खरखरीत! आणि रंग? गाडीचा कोड पाहून रंग आणला तरी जुळत नाही, कारण गाडी इतकी वर्षे उन्हात उभी असते. पांढऱ्याशी पांढरा जुळवायचा हे काम तेरीज जुळवण्यापेक्षा कठीण आहे, हे मी शपथेवर सांगतो. शिवाय फवारा मारताना तोंडाला नीट मास्क हवा. नाहीतर हार्डनरची वाफ छातीत बसते. हे त्याने आईला आधीच सांगून ठेवले होते. मलाच कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

घरी येताना मी हिशेब केला. आमच्या घरातला शेवटचा पोचा त्या 'पत्रे ठोकतो'चा होता, आणि तो मी पाडलेला. तेव्हा नियमाप्रमाणे तोच आधी.

"परवा मी जे बोललो ना, ते चुकलंच," गाडी फाटकाशी आली तेव्हा मी म्हणालो. "फॉर्म आण. सही करतो."

तो काहीच बोलला नाही. फक्त खाली उतरला, खांबापाशी उभा राहिला आणि हात हलवत म्हणाला, "या, या... बास, बाबा, बास!"

रात्री त्याने मला थेट विचारले, "आमटी वाढू?"