ओव्हरटाइम नडला!

२०२५चा ऑगस्ट, रविवार सकाळ. मी पोहे घेऊन सोफ्यावर फतकल मारलेली आणि फोनवर न्यूजर्सीची ताई. ताई म्हणजे माझी मामेबहीण. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पण तिचा पारा दुपारी बारासारखा चढलेला.

"अगं, ह्यांनी तेवीस साली एक्स्ट्रा शिफ्ट केल्या ना, त्या आत्ता नडल्या. लेकाची ग्रँट सहाशे डॉलरने कमी आली!"

"फक्त सहाशे?" मी विचारलं.

ताई जाम दुखावली. 'फक्त' काय फक्त, म्हणाली. तिचं बरोबरच होतं. भावोजी गोदामात सुपरवायझर आहेत, घरात चार माणसं, आणि सहाशे डॉलर म्हणजे लेकाची सेमिस्टरभराची पुस्तकं. पण माझ्या तोंडून 'फक्त' निसटलं ते उगाच नाही. ओव्हरटाइम आणि कॉलेजची फी हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला थेट २०१३ आठवतं.

त्या वर्षी मी इंजिनीअरिंगला लागले. कॅप राउंडमधून, खाजगी कॉलेजात, ट्यूशन फी सत्तर हजार. ईबीसी सवलत मिळाली तर अर्धी फी सरकार भरणार होतं. अट एकच मोठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. एक लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. हा भागाकार मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर इतक्यांदा केला होता की तो आकडा माझा रोल नंबर असल्यासारखा पाठ झाला.

बाबा एमआयडीसीत मशीन ऑपरेटर. आदल्या वर्षभर त्यांनी दणकून ओव्हरटाइम केला होता. कशासाठी? अर्थात, माझ्या अ‍ॅडमिशनसाठी. ओव्हरटाइम वगळला तर वर्षाचे ब्याण्णव हजार, धरला तर १,०३,४००. तहसीलमधून आलेल्या दाखल्यावर दुसरा आकडा होता. कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी तो बघितला, कागद परत सरकवला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. संपलं. वर गेलेल्या तीन हजार चारशे रुपयांनी आमचे पस्तीस हजार नेले. पुढच्या वर्षी बाबांना पगारवाढ मिळाली, मग तर प्रश्नच मिटला.

आमच्याच वर्गात एक मुलगा होता. वडिलांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान, दारात स्कॉर्पिओ. त्याचा दाखला बहात्तर हजारांचा! त्याला सवलत मिळाली. तो मुलगा स्वभावाने चांगला होता, मला नोट्स द्यायचा, आणि तरी मी त्याच्याशी सहा महिने धड बोलले नाही.

असं का होतं, हे कळायला मला वेळ लागला. आपल्याकडे 'गरज' मोजतात ती दाखल्यावर. नोकरदार असाल तर पगाराची स्लिप किंवा फॉर्म सोळा, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, बाकीच्यांचं स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याची चौकशी. म्हणजे ज्याच्या पगाराचा रुपयान् रुपया कागदावर आहे त्याला लपवायला जागा नाही, आणि ज्याचा गल्ल्यात आहे त्याचा अंदाज. तहसीलबाहेरच्या झाडाखाली बसणारा एजंट बाबांना म्हणालाही होता, "काका, पंच्याण्णव करून देतो की." बाबा म्हणाले, स्लिपवर आहे तेच राहू दे. मी तेव्हा त्यांच्यावर इतकी चिडले होते की परत येताना एसटीत वेगळ्या सीटवर बसले. एज्युकेशन लोन काढलं. त्याचा शेवटचा हप्ता मी २०२१मध्ये भरला, लॉकडाउनमध्ये, घरूनच काम करताना.

तर ताईचा फोन. तिचं रडगाणं ऐकता ऐकता मी तिच्याकडून सगळा फंडा समजून घेतला. त्या अनुदानाचं नाव पेल ग्रँट. १९७२च्या कायद्याने सुरू झालं, १९८०मध्ये सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव मिळालं. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले वगैरेंसाठीच. आपल्याकडून एमएस करायला जाणाऱ्यांनी आशेने बघू नये. अर्जाला फाफ्सा म्हणतात. २०२५-२६च्या अर्जात २०२३चं उत्पन्न धरलं, म्हणूनच भावोजींच्या जुन्या शिफ्ट्स आता उगवल्या. आकडे घरच्यांनी संमती दिली की थेट आयकर खात्याकडून येतात. मग त्यातून कर वजा, घरात माणसं किती त्याप्रमाणे जगण्यापुरती रक्कम वजा. राहतं घर मोजत नाहीत. उरलेल्या पैशाचा काही हिस्सा धरून एक निर्देशांक काढतात. तो उणे १,५००पर्यंत खालीही जाऊ शकतो. म्हणजे सरकार कबूल करतं की काही घरांत शून्याहूनही कमी आहे.

ज्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या एका ठरावीक पटीच्या आत आहे त्यांना कमाल रक्कम, वर्षाला ७,३९५ डॉलर. त्याच्या वरच्यांसाठी साधारण सरळ वजाबाकी: कमाल रकमेतून तुमचा निर्देशांक वजा. निर्देशांक ३,००० आला तर ४,३९५ मिळतात, ३,६०० आला तर ३,७९५. खाली एक किमान रक्कम आहे, तिथे छोटी पायरी लागते. पण त्याआधी सगळा उतारच. भावोजींनी तीनेक हजार डॉलर जास्त कमावले आणि सहाशे गेले. बाकीचे घरात राहिले.

आमच्याकडे उतार नव्हता, कडा होता.

तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही हं. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की आईबापांच्या वाट्याची वाटणी व्हायची. २०२४-२५पासून नवं सूत्र आलं आणि ही सोय गेली. ताईची धाकटी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल, त्याचं टेन्शन तिने आत्ताच घेतलंय. शिवाय न्यूजर्सीचं घरभाडं त्या सूत्राला दिसत नाही, हे तिने मला तीनदा सांगितलं.

आपल्याकडेही बरंच बदललंय. ऑक्टोबर २०१६मध्ये ती एक लाखाची मर्यादा वाढवली, नंतर ती आठ लाखांवर गेली. योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन. २०२४-२५पासून तर आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मी बारा वर्षं उशिरा जन्मायला हवं होतं! मुलांना अजून अर्धी.

पण कडा तोच आहे, फक्त डोंगर उंच झालाय. आठ लाखांच्या आत घरात तिघं असोत की आठ जण, पुण्यात भाड्याने राहात असोत की गावी स्वतःच्या घरात, दाखल्याला फरक पडत नाही. त्याच आठवड्यात आमच्या टीममधला एक ज्युनिअर लंचला हिरमुसून बसला होता. धाकट्या भावाची अ‍ॅडमिशन, वडिलांचं उत्पन्न आठ लाख बारा हजार. वरच्या बारा हजारांसाठी अर्धी फी जाणार. टेबलावर कुणीतरी म्हणालं, "काकांना सांग, पुढच्या वर्षी महिनाभर बिनपगारी घरी बसा, फायद्यात राहाल." सगळे हसले. मीही हसले, आणि मग डबा अर्धाच ठेवून उठले, कारण हिशेब बरोबर होता. बाबांनी त्या दिवाळीत दोन आठवडे घरी बसून चकल्या खाल्ल्या असत्या तर आम्ही खरंच फायद्यात होतो.

संध्याकाळी बाबांना फोन केला. हल्ली ते निवृत्त आहेत, सोसायटीच्या पंपाची देखरेख करतात. भावोजींची गोष्ट सांगितली. तीन हजार जास्त कमावले, सहाशे गेले.

"म्हणजे बाकीची ग्रँट राहिली?"

"राहिली."

"ओव्हरटाइम करूनसुद्धा?"

"हो बाबा."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. बाबांनी तो बारीक केला. मग म्हणाले, "त्या वर्षी दिवाळीत मी सुट्टी घेणार होतो, आठवतं? तुझी आई म्हणाली होती, घ्या."

मला आठवत नव्हतं. मी हो म्हणाले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.