पाठीवरचं पांघरूण

मुळशीत घोडा सांभाळणाऱ्याने थंडीला भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते ओलीला. पिरंगुटपर्यंत पाऊस माणसात असतो. पौड मागे टाकून धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे निघालं की त्याचा धीर सुटतो. २०२४च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पडला. त्या दिवसांत तबेल्याच्या भिंतींना घाम फुटतो, खोगिराच्या चामड्यावर हिरवट बुरशी चढते, दोरीवरचं काहीही चार दिवस वाळत नाही. अशा मुलखात घोड्याच्या पाठीवर काय घालावं, हा विचार मला बारा महिने पुरतो.

माझी घोडी काजळी अंगाने भीमथडी जातीच्या वळणाची: बुटकी, काटक, रुंद छातीची. डिसेंबरात खोऱ्यात धुकं साचतं, पारा दहाच्या खाली जातो आणि शहरातून आलेले पाहुणे तिला उघडी पाहून कळवळतात. त्यांची माया मला कळते. पण निरोगी, मोठ्या घोड्याला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअसची हवा सुखाची असते. शिवाय थंडीची तयारी ती दिवाळीच्या आधीच करून बसलेली असते. दिवस आखूड होऊ लागले की गारठ्याची वाट न बघता तिच्या अंगावर दाट केस येऊ लागतात. रात्री ते केस ताठ उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि अंगाची ऊब अंगाशीच राहते. पातळसं पांघरूण घातलं तर तेच केस दबून बसतात. दिलं त्याहून जास्त आपण काढून घेतो. उरलेली ऊब पोटातून येते. गवत मोठ्या आतड्यात आंबत राहतं आणि त्यातून घोडा रात्रभर उबेत राहतो. म्हणून कडक थंडीच्या संध्याकाळी मी काजळीसमोर गवताचा एक भारा जास्त टाकते. झूल खुंटीवरच राहते.

पावसाचं गणित अगदी वेगळं. केस भिजून अंगाला चिकटले आणि त्यात वारा सुटला, की जुलैतल्या वीस अंशांतही घोडा थरथरतो. तेव्हा हवं असतं ते आत काहीही न भरलेलं, पाणी अडवणारं, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देणारं कापड. भात लावायच्या ताडपत्रीचा किंवा प्लास्टिकचा तुकडा बांधून भागवणारे मी पाहिले आहेत. बाहेरून घोडा कोरडा दिसतो, आत तो स्वतःच्याच घामात भिजतो. कातडी अशी दिवसेंदिवस ओली राहिली की डर्माटोफिलस नावाचा जिवाणू तिथे घर करतो. पाठीवर खपल्या धरतात आणि खरारा करताना केसांचे झुपके खपलीसकट हातात येतात. घोडा त्या वेळी अंग चोरतो, ते बघवत नाही.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी या प्रश्नाची सुरुवात पांघरुणापासून केलीच नव्हती. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेचं वर्णन आहे. पावसाळ्यात फौज छावणीला परत यावी, घोड्यांसाठी दाणागवत आणि औषधं तयार असावीत, घरं गवताने शाकारलेली असावीत, अशी ती व्यवस्था. १६७३ साली चिपळूण भागातल्या छावणीच्या जुमलेदारांना लिहिलेल्या पत्रातही महाराजांची काळजी हीच आहे: दाणागवत आत्ताच उधळलं तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. आधी छप्पर, मग वैरण. तिसरा मान पांघरुणाचा, आणि तो क्रम मला आजही पटतो.

घोंगडीबद्दल मला विशेष लोभ आहे. दख्खनी मेंढीची लोकर, सनगरांचा माग, चिंचोक्याची खळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. फेरफटका मारून घामेजून आलेल्या घोड्याला, तबेल्याच्या आडोशाला, तिच्यासारखं सुख नाही. मात्र मुळशीच्या उघड्या पावसात ती पाणी पिऊन जड होते आणि वाळायचं नाव घेत नाही. चिंब घोडा आत आला, तर आमचे मामा (तबेल्याची खरी जाण त्यांनाच) आधी हाताने पाणी निपटतात, पाठीवर भाताचा पेंढा सैल पसरतात आणि वरून गोणपाट टाकतात. पेंढ्यातून हवा खेळते आणि घोडा लवकर सुकतो. भाताच्या गावात पेंढ्याला तोटा नाही.

शेजारच्या ठाणावर शर्यतीतून निवृत्त झालेला एक म्हातारा थरोब्रेड आहे. कातडी पातळ, बरगड्या दिसतात, दातही गेलेले. गवत नीट चावता येत नाही म्हणून पोटाची ऊबही कमी. त्याला डिसेंबरात खरोखरच झूल लागते. छातीच्या मध्यापासून कुशीवरून मागच्या मांडीच्या टोकापर्यंत माप घेऊन आणलेली, कारण सैल झूल सरकून पायात येते आणि तंग झूल खांद्यावरचे केस घासून काढते. त्याला ऊब पुरते का, हे कानांवरून ठरवत नाही. झुलीखाली खांद्यामागे हात घालून पाहते: कोरडी ऊब लागली तर ठीक, ओलसर लागली तर झूल जड झाली. नऊ वाजता डोंगरावरून ऊन खाली उतरलं की ती काढायचीच, कितीही घाई असली तरी. त्याच्यासाठी आम्ही दोन झुली ठेवल्या आहेत. एक पाठीवर असते तेव्हा दुसरी चुलीच्या वरच्या माळ्यावर वाळत असते, आणि पावसाळा आला की मामा तिसरीही मागतात.