दारातला हत्ती

जुनी पण भारी गाडी घेण्याचं एक गणित असतं. ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो. नवी असताना पन्नास लाखांच्या घरात असलेली गाडी दहा-अकरा वर्षांत नऊ लाखांवर येते. पण तिचा वॉटर पंप, तिचं सस्पेन्शन, तिचा हेडलाइट हे सगळे पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. उतरते ती गाडीची किंमत, सुट्या भागांची नाही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपण म्हणतो, त्यात तिसरं कलम घालायला आता हरकत नाही :-)

तर आम्ही २०२५ मध्ये अशी एक जर्मन सेडान घेतली. २०१४ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ६८,००० किलोमीटर झालेली. हौस माझी, कॉलेजपासूनची. बायकोने हरकत घेतली नाही, पण दोन लाख रुपये वेगळ्या खात्यात टाकून घेतले आणि ते खातं स्वतःच्या नावावर ठेवलं. "हे संपले की गाडी विकायची," एवढंच म्हणाली. लेकीचं बारावीचं वर्ष आहे, तेव्हा तिचं म्हणणं रास्तच होतं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. फक्त विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, एवढं लक्षात ठेवा. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. आमच्याकडे ते अण्णांनी सुरू केले.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत एकतीस वर्षं फिटर होते. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं "हो", "नको" आणि "जेवलो" एवढ्यावर आलं होतं. गाडी दारात आली त्या दिवशी संध्याकाळी खाली उतरले, बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, डिपस्टिक कुठाय?"

डिपस्टिक नाहीच. इंजिनात तेल किती आहे ते आत बसून स्क्रीनवर बघायचं. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे मशीन सांगणार की मशीन ठीक आहे. आणि मशीनच बिघडलं तर?" कित्येक महिन्यांत ते एका दमात बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य असावं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. कामाची तारीख, किलोमीटर, खर्च, पुढची तारीख असे रकाने आखले गेले.

पहिला नंबर टायरांचा. नक्षी छान शिल्लक होती, मी खूश. अण्णांनी बाजूला छापलेले चार आकडे वाचायला सांगितले. २३१७. म्हणजे २०१७ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेले. आठ वर्षांचं रबर. "नक्षी बघू नको, वय बघ," म्हणाले. त्यात हे रन-फ्लॅट टायर, म्हणजे गाडीत स्टेपनीच नाही. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत, साधारण ८० किलोमीटर जाता येतं, या भरवशावर फिरायचं.

दुसरा ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की तीच मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना, ब्रेक तापलेले असताना कळतो, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. म्हणून गाडी उभी असो वा पळो, दर दोन वर्षांनी बदलायचं.

बॅटरीचीही गंमत आहे. आमच्या गाडीत ती डिकीत आहे आणि बदलली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं. नाहीतर तो नवी बॅटरी जुनी समजूनच चार्ज करत राहतो. यावर अण्णा चक्क हसले.

मोठा वाद झाला तो गिअरबॉक्सच्या तेलावरून. शोरूममध्ये सांगितलं, हात लावू नका, हे तेल आयुष्यभराचं आहे. भोसरीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, बदला. पॅन आणि फिल्टर एकत्रच येतात, प्लास्टिकचे, त्यामुळे सगळं मिळून पंचेचाळीस हजार. टायर आणि इतर कामं धरून खात्यातला निम्म्याहून जास्त पैसा पहिल्याच वर्षी जाणार होता. बायको म्हणाली, "चालतीये ना नीट? मग?"

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? ते किती धरलंय, ते विचार त्यांना."

मी शोधलं. आमचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की तेल बदलायला सांगते. आमची वर्षं अकरा झाली होती. अण्णांनी सुनेला समोर बसवून समजावलं. चालतंय तेव्हाच तेल बदलायचं असतं, बंद पडल्यावर पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा असतो आणि त्याला तुझे दोन लाख पुरायचे नाहीत. तिने सही केली. मला सीट कव्हर हवी होती, ती बारगळली. जे दिसत नाही त्याला आधी पैसे, हा एसटीचा नियम म्हणे.

काम झालं त्या रात्री मी वही चाळत होतो. ब्रेक ऑइलसमोर "पुढची तारीख"मध्ये २०२७. गिअरबॉक्ससमोर त्यांच्या तिरक्या अक्षरात २०३३. अण्णा शहात्तरचे आहेत.

खात्यात आता बहात्तर हजार उरलेत. हत्ती राहील की जाईल, ते वर्षभरात कळेल. तोवर कुणाला अशा गाडीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. उत्तर मी देणार नाही, अण्णा देतील. आणि हो, सविस्तर देतील.