गुडघ्याला बाशिंग

मराठी भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. ज्याला अक्कल कमी, त्याची अक्कल गुडघ्यात असते. जो हरला, तो गुडघे टेकतो. आणि ज्याला घाई झाली, तो गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला असतो. चाळिशी ओलांडेपर्यंत मी या तिन्ही वाक्प्रचारांकडे केवळ मास्तर म्हणून पाहत आलो. मुलांकडून त्यांचे वाक्यात उपयोग करून घेतले, वह्यांवर लाल शाईच्या खुणा केल्या आणि विसरलो. गेल्या दोन वर्षांत मात्र या तिघांचाही उपयोग माझ्या स्वतःच्या वाक्यात झाला. त्यातून माझा तालुका अक्कलकुवा! नावातच अक्कल असलेल्या तालुक्यात राहून माझी अक्कल शेवटी गुडघ्यातच सापडावी, याला काय म्हणावे?

तसा माझा गुडघा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तो माझे लिहिण्याचे मेज. घोंगडीवर बसायचे, एक पाय मुडपायचा, दुसरा गुडघा उभा करून त्याला पाट टेकवायचा आणि लिहायला लागायचे. माझ्या कादंबऱ्यांतील नायक डोंगर चढले, नद्या पोहले, प्रसंगी पोलिसांना चुकवून मैलोन्‌मैल पळाले. पण ते सारे माझ्या बसलेल्या गुडघ्यावर. प्रत्यक्ष पळण्याचे काम मी त्याला वीस-बावीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते.

ते सांगण्याची पाळी आली मुलीमुळे. थोरलीने पोलीस भरतीला उभे राहायचे ठरवले. या भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते, मुलांना १६०० मीटर. आमच्या मोलगीत पहाटे रस्त्यावर गेलात, तर अंधारात चार-दोन पोरे धापा टाकत जाताना हमखास दिसतील. डोंगरातल्या पोरांना नोकरीची जी थोडी दारे दिसतात, त्यांतले हे एक. मुलीच्या खोलीत भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेले कविता राऊतचे चित्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक तिने मिळवले. डोंगरातून तिथवर जाता येते, एवढे त्या चित्रावरून मुलीला कळले होते.

पण पहाटेच्या काळोखात तिने एकटीने पळणे सौ.ला पसंत नव्हते. "तुम्ही जा बरोबर," ती म्हणाली. मी गेलो. पहिले दोन दिवस मोरीच्या कठड्यावर मफलर गुंडाळून बसलो. तिसऱ्या दिवशी माझ्याच हाताखाली शिकून गेलेला एक पोरगा पळता पळता ओरडला, "गुरुजी, नुसतं बघायलाच येता का?"

बस्स! गुडघ्याला बाशिंग चढले.

मोलगीत सपाट जमीन शोधावी लागते. देवगोईचा घाट चढून आलात, की पुढे सातपुडाच सातपुडा. रस्ता एक तर चढतो, नाही तर उतरतो. मी अर्थातच उतरणीची बाजू निवडली. पहिल्या दिवशी एक किलोमीटर, आठवड्याच्या शेवटी दोन. दम लवकर बसू लागला, छाती रुंद झाल्यासारखी वाटू लागली, आणि पुढच्या कादंबरीतला नायक धावपटू करावा असेही मनात येऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कोणीतरी येऊन बसले. चालताना ते गप्प असे. शाळेच्या पायऱ्या उतरू लागलो, की ते कण्हू लागे. तासभर मांडी घालून उठलो, की मोठ्याने बोले.

मी ते कोणाला सांगितले नाही. सौ.ला एवढेच म्हटले, की जरा पाय भरून आलेत. तिने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. शाळेतल्या शिपायाने मोहाच्या बियांचे तेल आणून दिले. एका सहकाऱ्याने पायात घालायचा लवचिक पट्टा दिला आणि "या वयात कशाला नसते उद्योग?" असा सल्लाही दिला. पट्टा घेतला, सल्ला परत केला. शेकाने बरे वाटायचे; सकाळी पुन्हा पळायचो. पायऱ्या आडव्या उतरायची युक्ती मला सापडली होती. मुलीला संशय येऊ नये म्हणून तिच्यासमोर मी हसत हसत उतरायचो.

एके दिवशी पहाटे ती मध्येच थांबली आणि मोरीवर बसली. दोन्ही हातांनी तिने नडगी धरली होती.

"काय झालं?"

"काही नाही, आप्पा. थोडी दुखतेय."

"केव्हापासून?"

"तीन आठवडे झाले असतील."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही तरी कुठं बोललात? पायऱ्या आडव्या उतरताना मी रोज बघते तुम्हाला. मला वाटलं, पळायचं म्हणजे असंच सोसायचं असतं."

त्या पहाटे मी गुडघे टेकले. मुलांपुढे वीस वर्षे उभा राहून मी 'खरे बोलावे' हा सुविचार फळ्यावर लिहीत आलो होतो. आणि घरच्या मुलीला मात्र न बोलता भलताच धडा शिकवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने नंदुरबारला गेलो. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकबरोबर संपलेला. पण डॉक्टरांनी मास्तराला मास्तर शिकवतो तसे समजावून दिले. मला त्यांनी एका पायावर उभे राहून थोडे खाली बसायला सांगितले. माझा गुडघा आतल्या बाजूला कलला. "हे बघा," ते म्हणाले, "वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकते. तिला सरळ धरायचं काम मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचं. तुमचे स्नायू वीस वर्षं बसून आहेत. गुडघा बिचारा दुसऱ्यांच्या वाटणीचं काम करतोय." उतरणीवर वाटीवरचा भार कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून ती उतरताना अधिक दुखते. आणि खरी मेख पुढेच होती: हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात; हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. दम टिकला म्हणजे पाय तयार झाले, असा नवशिक्याचा समज होतो आणि तिथेच तो फसतो.

मुलीच्या नडगीचे दुखणे माझ्याहून गंभीर निघाले. हाडाला बारीक तडा जाण्याच्या आधीची ती अवस्था होती. सहा आठवडे पळणे बंद. त्या वर्षीच्या भरतीची तारीख त्या सहा आठवड्यांतच होती.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. घाट चढेपर्यंत आम्ही काहीच बोललो नाही. वर आल्यावर तीच म्हणाली, "पुढच्या वर्षी, आप्पा." मी मान हलवली. तिच्या त्या तीन शब्दांचे ओझे अजून माझ्यावर आहे.

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. मुलीने माझ्यासाठी एक नऊ आठवड्यांचा अभ्यासक्रम शोधून काढला. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो तयार केला, तोही पन्नाशी गाठलेल्या स्वतःच्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद हळू पळायचे, नव्वद सेकंद चालायचे. असे वीस मिनिटे, आणि आठवड्यातून तीनच दिवस. मला हसू आले. साठ सेकंद! पण गुडघ्याला ते पसंत पडले. नऊ आठवड्यांचे मला अठरा लागले. ज्या आठवड्यात दुखणे वाढे, तो आठवडा पुन्हा. नापास झालेल्या पोराला आपण पुन्हा त्याच वर्गात बसवतो, तसे. मधल्या दिवशी भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, कुशीवर निजून पाय वर उचलणे. सौ. म्हणे, "आमच्या घरात आता दोघांची शाळा भरते."

उतरायचे कसे, हे मात्र मी बाजारच्या दिवशी शिकलो. पाड्यांवरच्या बायका डोक्यावर भगरीची, आमचुराची गाठोडी घेऊन डोंगर उतरतात. मी मुद्दाम उभा राहून पाहिले. लांब टांग कोणी टाकत नाही. गुडघा किंचित वाकलेला, पावले आखूड आणि भराभर, पाय अंगाखालीच पडणारा. डॉक्टरांनीही हेच सांगितले होते: पाऊल आखूड टाकले, की गुडघ्यावरचा धक्का कमी होतो. ते ऐकून आलो होतो. पटले ते बाजाराच्या वाटेवर.

'पळून गुडघे झिजतात' हे वाक्य मला आजही आठवड्यातून एकदा ऐकावे लागते. २०१७ साली अनेक पाहण्या एकत्र करून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हौसेने पळणाऱ्यांत खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण शेकडा साडेतीन आढळले; बसून राहणाऱ्यांत शेकडा दहाच्या थोडे वर; आणि चढाओढीने पळणाऱ्या कसलेल्या धावपटूंत तेराच्या वर. म्हणजे बसणाराही गोत्यात आणि अति धावणाराही. अर्थात गुडघा सुजला, अडकला, एकाएकी लचकू लागला किंवा त्यावर भार देववेना, तर पाला आणि तेल बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जावे. माझ्यासारखे हसत पायऱ्या उतरू नयेत.

दिवाळी आली, की आमच्या डोंगरांत अस्तंब्याची यात्रा सुरू होते. धनत्रयोदशीच्या सुमारास खानदेशातून, गुजरात-मध्य प्रदेशातून माणसे ते सुमारे १३०० मीटर उंचीचे शिखर चढायला येतात. लोक म्हणतात, तिथे अश्वत्थामा राहतो. कपाळावरची जखम कधी भरून येत नाही, म्हणून तो चिरंजीव अजूनही रानावनांतून तेल मागत हिंडतो. लहानपणापासून ही कथा ऐकताना मला त्याची भीती वाटत असे. आता वाटते, निदान तो जखम झाकत तरी नाही. भेटेल त्याच्यापुढे हात पसरून म्हणतो, दुखते आहे, थोडे तेल द्या.

यंदा शिखर चढायचा माझा विचार नाही. तेवढी उतरण गुडघ्याला अजून झेपणार नाही, हे मी कबूल करून टाकले आहे. पहाटेचे आमचे पळणे मात्र चालू आहे. मुलगी पुढे वळणापर्यंत जाते, परत येते, मला ओलांडून पुन्हा पुढे जाते. नव्या भरतीचा अर्ज तिने भरला आहे. दर फेरीला माझ्याजवळून जाताना ती विचारते, "आप्पा, गुडघा?"

काल म्हणालो, "आज थोडा दुखतोय."

"मग चाला," ती म्हणाली, आणि माझ्याबरोबर चालू लागली. थोड्या वेळाने मी विचारले, "आणि तुझी नडगी?"

"नाही दुखत," ती म्हणाली, आणि चार पावले टाकून पुन्हा म्हणाली, "खरंच नाही दुखत, आप्पा."