पाकीट क्रमांक 11668

भारतातून आई-वडील आले की आपण सगळे एकच कार्यक्रम आखतो. टिटलिसचा बर्फ, शाफहाउझेनचा धबधबा, पॅरिसचा मनोरा आणि परतीच्या आदल्या दिवशी चॉकलेटांची खरेदी. आप्पांनी मात्र कार्ल्सरूला आल्यावर तिसऱ्याच दिवशी आपली वही उघडली आणि म्हणाले, "मला या गावाला न्यायचं." वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: उसरा.

हे नाव मीच त्यांना कधीतरी फोनवर सांगितलं होतं. आप्पा कऱ्हाडला सदतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. मी पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि इकडे आले. एका वीज कंपनीत विजेच्या भावातली जोखीम मोजण्याचं काम करते. उद्याचा भाव काय असेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण तो किती हेलकावे खाईल याचं गणित मांडता येतं. त्या गणितात 'इतोचं सूत्र' रोज लागतं. कियोशी इतो हे जपानी गणितज्ञ. त्यांनी ते 1940 च्या दशकात मांडलं. पण त्याच्याशी मिळतंजुळतं सूत्र त्याआधीच एका चोवीस वर्षांच्या शिपायानं शाळकरी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि ती वही साठ वर्षं पाकिटात बंद होती, एवढं मी आप्पांना सांगितलं होतं. तो शिपाई उसऱ्याला पुरलेला आहे.

मलाही आप्पांना एक गोष्ट सांगायची होती. मार्चमध्ये मला जर्मन नागरिकत्व मिळालं होतं. भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा केला, तो 'रद्द'चा शिक्का मारून टपालानं परत आला आणि ड्रॉवरमध्ये पडून होता. आई गेल्यापासून आप्पांना अशी बातमी फोनवर द्यायला जीभ रेटेना. समोर आल्यावर सांगू म्हटलं, आणि समोर आल्यावरही दहा दिवस गेले.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी डबा घेऊन निघालो. केलला ऱ्हाइन ओलांडली की पुलाच्या पलीकडे फ्रान्स. "एवढंच?" आप्पा म्हणाले. स्ट्रासबुर्ग मागे पडलं आणि ब्रूश नदीच्या खोऱ्यातून रस्ता व्होजच्या डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांचं दाट रान. सँ दिए या गावात कॉफीला थांबलो. 1507 साली याच गावात एक जगाचा नकाशा तयार झाला आणि त्यावर नव्या खंडाला पहिल्यांदा 'अमेरिका' हे नाव दिलं गेलं. आप्पांना गंमत वाटली. "पोचला कोलंबस, नाव लागलं अमेरिगोचं. तुझ्या इतोसारखंच की."

"नाही आप्पा, इतोंनी कुणाचं काही घेतलं नाही. ते तेव्हा टोकियोत सरकारी सांख्यिकी कचेरीत नोकरी करत होते. दोघांना एकमेकांची कल्पनाही नव्हती. आणि दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, 1915."

पुढच्या वाटेवर मी त्यांना वोल्फगांग डोब्लिनची हकिगत सांगितली. बर्लिनचं ज्यू घराणं. वडील आल्फ्रेड डोब्लिन डॉक्टर, आणि 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ' या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. 1933 च्या फेब्रुवारीत जर्मन संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी देश सोडला. वोल्फगांग मात्र शाळेची शेवटची परीक्षा द्यायला मागे राहिला.

"बरोबर केलं," आप्पा म्हणाले. शेवटी मास्तरच!

मग पॅरिस. तिथे मोरिस फ्रेशे आणि पॉल लेव्ही यांच्या सहवासात हा मुलगा संभाव्यताशास्त्राकडे वळला. 1936 मध्ये कुटुंबाला फ्रेंच नागरिकत्व मिळालं. 1938 मध्ये त्याची डॉक्टरेट झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्करी सेवा सुरू झाली. संशोधनासाठी मोकळी मिळाली ती जेमतेम तीन वर्षं. तेवढ्यात दोन डझनांवर लेख आणि टिपणं. अकाली गेलेल्या आबेल आणि गाल्वा यांच्या पंक्तीत लेव्हींनी पुढे त्याला बसवलं.

"पण त्यानं केलं काय, ते सांग."

मी त्याची 1938 मधली एक युक्ती सांगितली. एक भटक्या आहे. तो प्रत्येक चौकात नाणेफेक करून पुढची वाट ठरवतो. बऱ्याच काळानंतर तो कुठे सापडण्याची शक्यता किती? ती तो कुठून निघाला यावर अवलंबून असते का? डोब्लिननं दोन भटके घेतले. दोघे वेगवेगळ्या गावांहून निघाले, आपापली नाणी उडवत. कधीतरी दोघे एकाच चौकात भेटतात. तिथून पुढे दोघांना एकाच नाण्यानं चालवायचं. मग पुढच्या प्रवासावरून कोण कुठून आला हे ओळखता येत नाही. म्हणजे सुरुवातीचा ठसा पुसला गेला.

आप्पा जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "एक पालखी आळंदीहून, एक देहूहून. वाखरीला एकत्र आल्यावर कुठला वारकरी कुठला, कोण सांगणार?"

"पण वारकऱ्याची वाट ठरलेली असते आप्पा, इथे नाणं आहे."

"असू दे. म्हणजे चालता चालता निघाल्याचं गाव विसरतं, असं म्हणतोय तो?"

"हो. अशा साखळीला स्मरण नसतं."

"साखळीला आई-बाप नसतात," आप्पा म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गिअर बदलला.

रांबेर्व्हिलेच्या अलीकडे एक फाटा लागतो आणि मग उसरा. काही शे वस्तीचं गाव, उतरत्या छपरांची घरं, गुरांचं कुरण, मागे जंगल. शनिवारच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. 1939-40 च्या हिवाळ्यात डोब्लिन फ्रेंच सैन्यात दूरध्वनीवर ड्यूटीला होता. लोरेनमध्ये आघाडीजवळ, रात्रीच्या पाळीत जाग राखत तो वही भरत असे. फेब्रुवारी 1940 मध्ये आतिएन्व्हिल या गावाहून त्यानं ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीला मोहोरबंद पाकिटात पाठवली. असं पाकीट ठेवून घ्यायची तिथे जुनी चाल आहे. लेखक सांगेपर्यंत ते उघडायचं नाही. त्यावर क्रमांक पडला 11668.

जूनमध्ये जर्मन फौजांनी त्याच्या रेजिमेंटला वेढलं. तो रात्रभर चालत या गावात आला. पकडला गेला तर आपलं काय होईल, हे डोब्लिन आडनावाच्या ज्यू माणसाला वेगळं सांगायला नको होतं. 21 जूनला एका शेतकऱ्याच्या घरी त्यानं जवळचे कागद जाळले आणि गोठ्याकडच्या कोठारात स्वतःला गोळी घालून घेतली. दुसऱ्या दिवशी तहावर सह्या झाल्या. गावानं त्याला अनोळखी सैनिक म्हणून पुरलं. अमेरिकेत पोचलेल्या आई-वडिलांना ही बातमी कळली ती 1945 मध्ये.

दफनभूमीत आम्ही दोघंच होतो. आप्पांनी टोपी काढली. तिथे तीन थडगी शेजारी शेजारी आहेत. वडील 1957 च्या जूनमध्ये गेले, आईनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसमध्ये आयुष्य संपवलं. दोघांनाही मुलाशेजारी आणून ठेवलं. ज्या बर्लिनवर बापानं एवढी मोठी कादंबरी लिहिली ते सोडून, पॅरिस सोडून, या खेड्यात.

"मुलगा जिथे थांबला तिथे आले," आप्पा हळूच म्हणाले.

मग मी सांगून टाकलं. मार्चपासूनचं सगळं, एका दमात. आप्पा थडग्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता आईचं नाव काढतील.

"मग आता कऱ्हाडला यायला तुला व्हिसा लागणार?"

"ओसीआय कार्ड काढायचंय. अर्ज भरून ठेवलाय."

"ठेवलाय म्हणजे? पाठव. दिवाळीच्या आत यायला हवं." थोडं थांबून म्हणाले, "आणि जुना पासपोर्ट?"

"रद्दचा शिक्का मारून परत दिलाय."

"तो मला दे. आईच्या कपाटात ठेवतो."

बाकावर बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. पाकिटाचं पुढे काय झालं, हे मी तिथे सांगितलं. गणिताचा इतिहास धुंडाळणाऱ्या बर्नार ब्रू यांनी त्याचा माग काढला. भावाच्या संमतीनं 18 मे 2000 रोजी ते उघडलं, आणि त्याच वर्षी अकादमीनं वही छापली. आत काय होतं? उन्हाच्या तिरिपेत धुळीचा कण भिरभिरतो, तशा भटकंतीचं वर्णन. डोब्लिननं दाखवलं की अशा वाटांमधून त्यांचा ओढा काढून टाकला, तर उरते ती मुळात एकच भटकंती. फक्त तिचं घड्याळ कुठे भराभर चालतं, कुठे सावकाश. तेव्हा इतो चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. डोब्लिन पंचविसाव्या वर्षीच थांबला होता.

"जाळलेल्या कागदांत काय असेल?" आप्पांनी विचारलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतताना केलच्या पुलाअलीकडे मोटारींची रांग होती. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीत शिरताना पुन्हा तपासणी होते. पोलिसानं माझा लाल पासपोर्ट क्षणभर पाहून परत दिला आणि आप्पांचा निळा पासपोर्ट बराच वेळ चाळला. व्हिसाचं पान सापडल्यावर त्यानं हात हलवला. आप्पा काही बोलले नाहीत. पूल संपल्यावर म्हणाले, "तुझं काम पटकन झालं."

ऑगस्टमध्ये त्यांना विमानात बसवताना मी जुना पासपोर्ट खाकी पाकिटात घालून दिला. त्यांनी पाकीट चिकटवलं, खिशातलं पेन काढलं, वर माझं नाव लिहिलं आणि कोपऱ्यात आकडा घातला: 1.

"क्रमांक कशाला आप्पा?"

"पुढेमागे आणखी काही ठेवायला दिलंस तर?"

ओसीआयचं कार्ड गेल्याच आठवड्यात आलं. दिवाळीची तिकिटं काढली आहेत.