ट्रॅक्टरला सीट एकच!

मुलांनो, हे वाचता वाचता एक हात मानेच्या मागे न्या. मान थोडी पुढे वाकवा आणि बोट हळूहळू खाली सरकवा. एकामागून एक टणक गाठी लागतात ना? रुद्राक्षाच्या माळेसारख्या? ते आपले मणके. आणि ही सगळी माळ म्हणजे आपला पाठीचा कणा.

जन्माच्या वेळी या माळेत साधारण ३३ मणके असतात. वाढत्या वयात अगदी खालचे नऊ एकमेकांना जुळतात आणि त्यांची दोनच हाडं होतात. म्हणून मोठ्या माणसाच्या कण्यात २६ हाडं. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५ आणि खालची ती जुळलेली २. गंमत म्हणजे एवढी लांब मान असलेल्या जिराफाच्या मानेतही मणके ७च असतात!

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक कणा तयार करतो. दोऱ्याची रिकामी रिळं जमवायची. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापायच्या. एक रीळ, एक चकती, एक रीळ, एक चकती असं करत मधून मऊ लोकर ओवायची. रिळं म्हणजे मणके, चकत्या म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या आणि लोकर म्हणजे मज्जारज्जू. हा कणा हळूच वाकवला तर छान वाकतो. पण मधलं एखादं रीळ झटक्यानं बाजूला ढकललं की आतली लोकर चिमटते, कधी तुटते.

खरा मज्जारज्जू मोठ्या माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. 'पाय उचल' हा मेंदूचा हुकूम त्यातूनच खाली जातो आणि 'काटा टोचला' ही पायाची तक्रार त्यातूनच वर जाते. बोट कापलं तर भरून येतं. हाड मोडलं तर सांधतं. मज्जारज्जू तुटला, तर मात्र तो पुन्हा जुळत नाही. मानेजवळ इजा झाली तर हात-पाय दोन्ही जातात, कधी श्वासही अडतो. कमरेजवळ झाली तर पाय जातात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ट्रॅक्टर कुठं गेला? सांगते.

आमचा भाग उसाचा. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. लहानसहान पोरं 'मला बसू द्या की' म्हणून मागं लागतात, आणि घरातलंच कुणीतरी त्यांना उचलून मडगार्डवर बसवतं. मडगार्ड म्हणजे चाकावरचा गुळगुळीत पत्रा. त्याला ना पट्टा, ना पाठ टेकायला जागा. आणि खाली फिरत असतं ते माणसाएवढं चाक.

ट्रॅक्टर उंच असतो आणि त्याचं वजनही उंचावर असतं. एक चाक बांधावर चढलं आणि दुसरं चारीत उतरलं की तो कलंडतो. कधी भरलेली ट्रॉली चिखलात रुतते, चालक जोरात ओढ देतो आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो ना, तसं! डोळ्याचं पातं लवायच्या आत तो मागं उलटू शकतो. तेवढ्यात उडी मारायला वेळ कुणाला मिळतो?

माझ्या मामाला मिळाला नाही. २००४ सालची गोष्ट. मी आठवीत होते. मामा सव्वीस वर्षांचा, गावातला पट्टीचा पोहणारा. ट्रॅक्टर त्याचा मित्र चालवत होता, मामा मडगार्डवर बसला होता. चाक चारीत गेलं, ट्रॅक्टर तिरका झाला आणि मामा पाठीवर बांधावर आदळला. वर ट्रॅक्टर पडला नाही, रक्तही फारसं आलं नाही. तो बोलत होता. फक्त सारखं म्हणत होता, "अरे, माझे पाय सरळ करा रे." पाय तर सरळच होते.

चौघे धावत आले. दोघांनी खांद्याला धरलं, दोघांनी पायांना. उचलून जीपमध्ये बसतं केलं आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं तालुक्याला नेलं. सगळे जिवाभावाचे लोक होते. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं. पण नंतर मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर आजोबांना म्हणाले, "आदळल्यामुळं किती इजा झाली आणि उचलल्यामुळं किती वाढली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

म्हणून मुलांनो, हे नीट वाचा आणि घरात मोठ्यांनाही वाचून दाखवा.

कुणी उंचावरून पडलं, गाडीवरून फेकलं गेलं आणि मान-पाठ दुखते म्हणालं, मुंग्या येतात म्हणालं, पाय हलत नाहीत म्हणालं, तर त्याला उचलू नका. बसवू नका. पाणी पाजू नका. '१०८'ला फोन लावा. आपल्या महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. जखमी माणसाला सांगा, "मान हलवू नका, हो-नाही तोंडानं सांगा." मोठ्या माणसानं त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसंच स्थिर धरावं. बेशुद्ध माणसाच्या बाबतीतही कण्याला इजा झाली आहे असंच समजावं. आग, पाणी असा जिवाला धोका असेल किंवा श्वासच थांबला असेल तरच हलवायचं. तेव्हाही चार-पाच मोठ्यांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, जमलं तर सपाट फळीवर. ते काम तुमचं नाही हं! तुमचं काम फोन करण्याचं आणि "उचलू नका" असं मोठ्यानं ओरडून सांगण्याचं.

त्याहून चांगलं म्हणजे अपघातच होऊ न देणं. स्वीडन देशानं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती भक्कम लोखंडी चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडू नये म्हणून. तिथले मृत्यू पुढे खूपच कमी झाले. पण ही चौकट सीटवर पट्टा बांधून बसलेल्याला वाचवते, मडगार्डवरच्याला नाही. आपल्याकडच्या वाहतुकीच्या नियमांतही ट्रॅक्टरवर चालकानं दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, असं आहे.

शहरातल्या दोस्तांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका! सहलीला गेल्यावर वाळूत धावणाऱ्या त्या चार जाड चाकांच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्याही ट्रॅक्टरसारख्याच उलटतात. सोळा वर्षांखालच्या मुलांनी त्या चालवूही नयेत आणि त्यांच्यावर बसूही नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

मामाचं पुढं काय झालं, असं माझ्या वर्गातली मुलं नेहमी विचारतात. मामा आज चाकाच्या खुर्चीवर बसून विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतो. पाठीखालचं काही कळत नसल्यामुळं एका जागी बसून जखमा होतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी तो हातांवर जोर देऊन अंग वर उचलतो. हातातलं काम कितीही घाईचं असो, ते चुकवत नाही. ट्रॅक्टर चालवणारा त्याचा मित्र अजून रोज संध्याकाळी येतो. आमच्या शाळेला उतार बांधला त्या वर्षी मामा वर्गात आला होता. एका मुलीनं विचारलं, "मामा, तुमचे पाय दुखतात का हो?" मामा हसून म्हणाला, "दुखले असते तर पेढे वाटले असते, बाळ!" वर्ग हसला. मग हळूहळू एकेकाला समजलं आणि सगळे गप्प झाले.

मामाच्या दुकानात मुरलीकांत पेटकर यांचा फोटो आहे. सांगली जिल्ह्यातले हे जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कणा मोडला म्हणून माणूस मोडतोच असं नाही. पण मामा लगेच पुढचं वाक्य म्हणतो, "त्यांना लढाईत गोळी लागली. मला कशानं? फुकटच्या फेरीनं!"

तर आजचा घरचा अभ्यास असा. एक, रिळांचा कणा करून घरच्यांना दाखवा आणि '१०८' घरातल्या लहानथोर सगळ्यांकडून पाठ करून घ्या. दोन, कुणी "चल, ट्रॅक्टरवर बस" म्हणालं, तर त्यांना विचारा, "काका, याला सीट किती?"

उत्तर तुम्हाला माहीत आहे. एकच!